तळं घरी नव्हतं

‘या ना एकदा!’ हे वाक्य माणसाने फार जपून वापरावं. समोरचा खरंच येतो.

मी ते जूनमध्ये फोनवर म्हणून बसलो. खरं तर बोलत होती ओर्नेला, माझी बायको, आपल्या वडिलांशी. पण चुलीवरचं दूध वर आलं, म्हणून तिने रिसीव्हर माझ्या हातात कोंबला आणि ती पळाली. दूध वाचलं. मी नाही वाचलो.

माझे सासरे, नेरीनो, हे पिरानचे. समुद्रकाठचं गाव. मोठमोठ्या जहाजांना बंदरातून धक्क्यापर्यंत वाट दाखवायची, या कामात त्यांची उभी हयात गेली. त्यामुळे ज्या घरातून समुद्र दिसत नाही, त्या घरात माणसं नाइलाजाने राहतात, असं त्यांचं प्रामाणिक मत. त्यांच्या घराचा वरचा मजला आमच्यासाठी रिकामा ठेवलेला होता. बंदराच्या ऑफिसात माझ्यासाठी एक खुर्चीही त्यांनी हेरून ठेवली होती. (इथे मी गावच्या कचेरीत कुत्र्यांचे परवाने देतो. कुत्री समजूतदार आहेत. मालकांचं काही विचारू नका.) ओर्नेला यावर ना हो म्हणायची ना नाही. “बाबांना एकदा इथे येऊन बघू दे. मग ठरवू,” एवढंच म्हणायची. आणि ते येतच नव्हते, यावर माझा संसार सुखात चालला होता.

“काय जावईबापू,” फोनमधून आवाज आला, “तुमच्या त्या डोंगरात बघण्यासारखं आहे तरी काय?”

आता गावाबद्दल मी काहीही बोलेन, पण दुसऱ्याने बोललेलं मला खपत नाही.

“तळं आहे,” मी म्हटलं.

“तळं!” ते हसले. “डबकं असेल.”

“डबकं? अहो, समुद्रासारखं आहे! पलीकडचा काठ दिसत नाही!” (दिसतो. धुकं असलं की दिसत नाही.) “या ना एकदा! सगळं फिरवून दाखवतो!”

ते ऑक्टोबरात आले. आणि ऑक्टोबरात तळं नव्हतं.

याचं आमच्या गावात कुणाला काही वाटत नाही. आमचं तळं येतं आणि जातं. तळाशी मोठमोठी भोकं आहेत. शरद ऋतूतला पाऊस डोंगरावर कोसळला की पाणी त्या भोकांतून वर येतं, हिवाळा-वसंत मुक्काम करतं, आणि उन्हाळ्यात त्याच भोकांतून खाली निघून जातं. जिथे मार्चमध्ये मासे धरायचे, तिथेच ऑगस्टमध्ये गवत कापायचं. शहरातल्या पोराची करावी तशी चौकशी चालते, “आलं का हो तळं?” “नाही अजून.” पण रात्री जिथे सोडलं तिथेच सकाळी पाणी सापडलं पाहिजे, अशी ज्यांची आयुष्यभराची सवय, त्यांना हे सांगायचं कसं?

सासरे गाडीतून उतरले. रुपेरी रंगाची गाडी, इतकी चकचकीत की तिच्यात बघून मी माझा टाय नीट केला. डोक्यावर बंदरातल्या पायलटची, म्हणजे जहाजांच्या वाटाड्याची टोपी, गळ्यात दुर्बीण. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मैलभर पसरलेलं पिवळं गवत होतं. त्यात दोन गाई चरत होत्या.

“तळं कुठाय?”

“बाबा, ते... सध्या नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“गेलंय.”

“कुठे?”

“खाली.”

त्यांनी दुर्बीण सावकाश खाली घेतली आणि लेकीकडे वळले. “याची तब्येत बरी असते ना गं?”

“खरंच गेलंय बाबा,” ओर्नेला म्हणाली. “येईल परत.”

“कधी?”

“सांगून येत नाही.”

“समुद्रासारखं म्हणे! अगं, समुद्र कधी बाहेरगावी गेलेला ऐकलायस?” मग त्यांनी डिकी उघडून खारवलेल्या माशांचा एक मोठा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. “धरा जावईबापू. बरं झालं, येताना मासे आणले.”

रात्री जेवताना पिरानच्या वरच्या मजल्याला कुठल्या रंगाचे पडदे, हा विषय निघाला. मी तिथेच ठरवलं, तळं नसेल तर नसो. उद्या रविवार. पंचक्रोशीत बघण्यासारखं जे जे आहे ते सगळं या माणसाला दाखवायचं. डोळे दिपले पाहिजेत त्याचे!

सकाळी पहिला मुक्काम उर्शा मावशींकडे. त्या ऐंशीच्या पुढच्या, आमच्या शेजारी, आणि त्यांच्या मधमाश्या म्हणजे गावाचं भूषण. परसात लाकडी खोपट आहे. त्यात पोळ्यांच्या पेट्या पुस्तकांसारख्या मांडून ठेवलेल्या, आणि प्रत्येक पेटीच्या दर्शनी फळीवर चित्र. हेतू हा, की माशीला आपलं घर ओळखता यावं. एका फळीवर जंगलातली जनावरं मेलेल्या शिकाऱ्याची अंत्ययात्रा काढतायत. एकीवर सैतान एका बाईची जीभ सहाणेवर पाजळतोय. (ते चित्र मी नेहमीपेक्षा क्षणभर जास्त पाहिलं. ओर्नेलाने मला ते पाहताना पाहिलं.)

“पोरखेळ आहे झालं,” सासरे म्हणाले.

“टोपी काढ आणि कान लाव,” उर्शा मावशी म्हणाल्या. त्या सगळ्या जगाला अरे-तुरे करतात.

बंदरात ज्यांच्या शब्दावर जहाजं थांबायची त्यांनी मुकाट टोपी काढली, वाकले, आणि शिकाऱ्याच्या अंत्ययात्रेला कान लावला. बराच वेळ ते हललेच नाहीत. हजारो जिवांचा तो एकसुरी, खोल गुंजारव मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण अजून तो ऐकला की मला देवळात आल्यासारखं वाटतं.

“इंजिनरूम,” सासरे कुजबुजले. “शिकाऊ होतो तेव्हा असाच कान लावायचो.”

मी ओर्नेलाकडे पाहून भुवया उडवल्या. एक गुण!

“आज एकही बाहेर पडलेली नाही,” उर्शा मावशी डोंगराकडे बघत म्हणाल्या. “तिकडे वर रात्रभर धो धो कोसळलाय. येर्नेय, आज खाली गवतात जाऊ नकोस हो यांना घेऊन.”

“हो हो, मावशी,” मी म्हटलं. ‘कुत्र्याचा परवाना पुढच्या आठवड्यात नक्की काढतो’ असं म्हणणाऱ्यांना मी जसं ‘हो हो’ म्हणतो, तसंच. इथे आकाश निळंभोर होतं. शिवाय पाणी यायला वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं. (किती वेळ, ते नव्हतं ठाऊक.)

दुसरा मुक्काम वाऱ्याचं भोक. टेकडीच्या कुशीत, बीच नावाच्या उंच झाडांखाली, पेल्याएवढं एक भोक आहे. त्यातून डोंगर श्वास सोडतो. रुमाल धरला की तो हळूच फडफडतो. शाळेच्या सहली येतात बघायला.

“बाबा, वाका. श्वास ऐकू येईल.”

सासरे वाकले. डोंगराने श्वास सोडला नाही, डोंगर शिंकला. टोपी त्यांच्या डोक्यावरून बुचासारखी उडाली, गोल गोल फिरत वर गेली आणि झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसली.

मी टाळ्या वाजवल्या. “बघा! बघा! हे असं असतं आमच्याकडे!”

असं आमच्याकडे कधीच नव्हतं. जमिनीखाली पाणी चढायला लागलं की आतली हवा अशी बाहेर लोटली जाते, हे गावातल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. मी मात्र टाळ्या वाजवत होतो.

“तीस वर्षं होती माझ्याकडे,” टोपीकडे बघत सासरे म्हणाले. “वादळात नाही गेली कधी.”

ओर्नेला तोंडावर रुमाल धरून झाडामागे गेली. ती रडतेय असं मला वाटलं. गेली खुर्ची, गेला वरचा मजला... नाही, तेच तर येत होते माझ्याकडे! सगळी मदार आता तिसऱ्या मुक्कामावर.

आणि तिसरा मुक्काम म्हणून मी त्यांना खाली गवतातच नेलं.

आता असं बघा, तळं नाही तर निदान तळ्याची जागा तरी दाखवावी! माणूस घरी नसला तरी आपण पाहुण्यांना त्याचं घर दाखवतोच की. कोरड्या तळ्यातून गाडीवाट जाते. मधोमध विलोची झाडं आहेत, आणि त्यांच्या पलीकडे तळाची ती प्रसिद्ध भोकं. सगळ्यात मोठ्याला आम्ही थोरलं ढोलकं म्हणतो, शेजारच्याला धाकटं.

“गाडी इथे घ्या बाबा, झाडाखाली, जरा खोलगटात. सावली आहे.”

त्यांनी गाडी जहाज लावावं तशी लावली. पुढे, मागे, किंचित डावीकडे. खाली उतरून चहूकडून बघितली आणि दारावरचा धुळीचा एक कण बोटाने टिपला.

थोड्या वर उंचवट्यावर उर्शा मावशींची सपाट बुडाची होडी गवतात पडली होती, खुंट्याला साखळी-कुलपाने बांधलेली. आमच्या होड्या अशाच पडलेल्या असतात, तळ्याची वाट बघत. गवत दवाने ओलं होतं, म्हणून आम्ही जेवायला होडीतच बसलो. पाव, डुकराच्या मांसाचं धुरावलेलं सॉसेज, उकडलेले बटाटे, लाल वाइन आणि अर्थातच समुद्राचे मासे.

“एवढ्या स्थिर बोटीत मी जन्मात बसलो नव्हतो,” सासरे म्हणाले. टोपीनंतरचे त्यांचे पहिले शब्द.

तेवढ्यात लांबून आवाज आला. धम्म. धम्म.

“हे काय?”

“अग्निशमन दलाचा बँड,” मी म्हटलं. “रविवारी सराव असतो.”

“नुसताच ढोल?”

“बाकीचे उशिरा येतात.”

“येर्नेय,” ओर्नेला म्हणाली, “बँडचा सराव शनिवारी असतो ना रे?”

“बदलला असेल,” मी म्हटलं आणि सासऱ्यांचा पेला भरला. मग माझा भरला. वाइन उत्तम होती, ऊन उबदार होतं, तो ढोल अगदी अंगाईसारखा लागत होता. सासरे पुढच्या टोकाला लवंडले, ओर्नेलाने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि आम्ही तिघंही झोपलो.

मी जागा झालो तो ढोल थांबला म्हणून. इतकी शांतता होती की कानात दडे बसल्यासारखं वाटलं. मग होडी हलली. हलली म्हणजे, एखाद्या झोपलेल्या जनावराने कूस बदलावी तशी, एवढीच. मी खाली वाकून पाहिलं.

गवत होतं. तेच गवत, एकेक पातं ताठ उभं. फक्त ते पाण्याखाली होतं. पाणी इतकं स्वच्छ की ते आहे हे कळतच नव्हतं. शरदात गवतातून उगवणारी जांभळी फुलं, देठावर उभी, पाकळ्या उघडलेल्या, सगळी पाण्याखाली जशीच्या तशी फुललेली. ना लाट, ना आवाज. पाणी कुठून वाहत येत नव्हतं. नुसतं होत होतं. टोळ पाण्याबाहेर राहिलेल्या उंच पात्यांच्या टोकांवर चढून बसले होते. आणि त्या फुलांमधून, कुरणातून गाय जावी तसा निवांत, हातभर लांबीचा एक मासा चालला होता.

याच गावात जन्मलो मी. तळं आलेलं दरवर्षी पाहिलं, पाणी चढताना थोरलं ढोलकं धम्म धम्म वाजतं हेही ठाऊक होतं. पण येताना, असं त्याच्या आत बसून, कधीच नाही.

“बाबा,” ओर्नेला हळूच म्हणाली. ती कधी उठून बसली होती कुणास ठाऊक.

सासरे होडीच्या काठावर दोन्ही हात टेकून बघत होते. आयुष्यभर पाण्यावर राहिलेला माणूस, पण त्याचा चेहरा पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या पोरासारखा झाला होता.

“जमिनीतून,” ते म्हणाले. “येर्नेय, हे जमिनीतून येतंय रे.” मला त्यांनी पहिल्यांदाच नावाने आणि एकेरीत हाक मारली होती.

त्याच क्षणी मला विलोची झाडं दिसली. झाडांखाली रुपेरी छप्पर दिसलं. छपराखाली जे असायला हवं होतं ते दिसलं नाही.

“बाबा,” मी म्हटलं, “गाडी...”

“खड्ड्यात गेली गाडी!” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. हे शब्दशः खरं होतं, पण त्यांना ते म्हणायचं नव्हतं. “तो मासा बघ! तोसुद्धा जमिनीतून आला?”

इतक्यात होडीचं पुढचं टोक खाली जायला लागलं. पाणी चढत होतं आणि साखळी आखूड होती. किल्ली उर्शा मावशींच्या एप्रनच्या खिशात. दोन बोटं आणखी, आणि आम्हीही फुलांना भेटायला जाणार.

सासरे उभे राहिले. आणि मग ऐकला मी तो आवाज, ज्याने जहाजं थांबायची. “येर्नेय! खुंटा! उपट!”

मी उडी मारली. पाणी मांडीपर्यंत, आणि थंड असं की माणसाने आपलं नावही विसरावं. दोन्ही हातांनी खुंटा धरला, सगळा जीव एकवटून ओढला. आता तो ओल्या मातीत रोवलेला, एका बोटाने निघाला असता. साखळीचा वेढा निसटला, मी खुंट्यासकट मागे गडगडलो आणि पाण्याखाली दिसेनासा झालो. वर आलो तेव्हा होडी मोकळी होऊन दहा हात लांब गेली होती. सासरे लांब काठीने तिला वळवत होते आणि ओर्नेला हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वाऱ्याच्या भोकापाशीही ती रडत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

“थांबा! मी राहिलो!”

“दिसतोयस!” सासरे गरजले. “हात वर कर! डावीकडे ये! डावा म्हणजे दुसरा!”

त्यांनी मला ओढून आत घेतलं, स्वतःचा कोट माझ्या अंगावर टाकला. होडी सरकत होती कुरणावरून. खालून फुलं जात होती, गाईंची पायवाट जात होती, कुणीतरी विसरलेलं दाताळं गेलं. डोंगर पाण्यात उलटे उतरले. सकाळी जिथे काही नव्हतं तिथे आता पलीकडचा काठ खरंच दिसत नव्हता. (धुकं पडलं होतं. पण मी काही बोललो नाही.)

“बाबा,” ओर्नेला म्हणाली, “तिकडे आपण पाणी बघायला खिडकीत जातो. इथे तेच येतं आपल्याला भेटायला. मी नाही हं इथून हलणार.”

माझ्या दातांवर दात वाजत होते, पण मी जिंकलो होतो.

“कोण हलवतंय तुला?” सासरे म्हणाले.

काठावर उर्शा मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “होडी आणलीत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “खुंटा कुठाय?”

खुंटा माझ्या हातातच होता.

गाडी काढायला गावातला ट्रॅक्टरवाला आला, त्याने पाण्याकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि सांगितलं, “तळं गेल्यावर बघू.” म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात. सासरे गंभीरपणे म्हणाले की तसं असेल तर गाडी निघेपर्यंत त्यांना इथेच राहावं लागेल, आपली गाडी टाकून माणूस जाणार कसा? पिरानला बस जाते, हे मी सुचवून पाहिलं. ते त्यांना ऐकू आलं नाही. तसे त्यांचे कान तिखट आहेत, होडीतून मासा कुठे उडाला ते सांगतात. आमच्या वरच्या खोलीत त्यांनी स्वतः पडदे लावले. रोज पहाटे माझ्या दारावर टकटक होते, “येर्नेय, ऊठ, पाणी बोटभर खाली-वर झालंय!” म्हणजे ज्यांच्या वरच्या मजल्यावर जायला नको म्हणून मी जिवाचं रान केलं, ते माझ्या वरच्या मजल्यावर आले.

आता आमच्या पंचक्रोशीत बघण्यासारख्या चार जागा आहेत. मधमाश्या, वाऱ्याचं भोक, तळं आणि गाडी. रुपेरी छप्पर वीतभर पाण्याबाहेर असतं, त्यावर एक करडा बगळा उभा असतो. लांबून लांबून लोक येतात. सासरे त्यांना होडीतून जवळ नेतात, काठी रोवून थांबतात, आणि गाडी कुणी, कशी, कोणाच्या सांगण्यावरून लावली हे असं काही रंगवून सांगतात की ऐकणारे हळहळतात. सगळं संपल्यावर काठावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवतात.

मागच्या रविवारी एक बाई होडीतून उतरून थेट माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर भक्तिभाव, हातात कॅमेरा.

“तुम्हीच ते? एक फोटो काढू का?”

मी टाय नीट केला, केस मागे सारले, छाती पुढे काढली आणि तळ्याकडे पाठ करून उभा राहिलो. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला.

“जरा बाजूला होता का?” त्या म्हणाल्या. “तुमच्यामुळे गाडी दिसत नाहीये.”